ग्रीन कार्डची रांग आणि कॅनडाचे गुण : दोन नियमांमागचा इतिहास

अमेरिकेत नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड हवं असेल तर बहुतेक वेळा अर्ज कंपनी करते. कॅनडात पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, माणूस स्वतः अर्ज करतो. दोन्ही वाटांमधले बाकीचे फरक बव्हंशी इथूनच निघतात, आणि त्यांचं मूळ १९६०च्या दशकात आहे.

वंश पाहून माणसं घेणं दोन्ही देशांनी साधारण एकाच सुमारास थांबवलं. कॅनडाने १९६२मध्ये नियम बदलले आणि १९६७मध्ये गुणपद्धत आणली : शिक्षण, वय, भाषा, व्यवसायाला असलेली मागणी असे निकष, आणि १००पैकी ५० गुण मिळाले की पास. अमेरिकेने १९६५च्या कायद्याने जुने राष्ट्रनिहाय कोटे काढले, पण देशागणिक कमाल मर्यादा ठेवली. शिवाय परदेशी कामगारामुळे स्थानिकांचं नुकसान होत नाही, असा कामगार खात्याचा दाखला बंधनकारक केला. तो दाखला मागणार कोण? अर्थातच मालक.

आजची अमेरिकन चौकट १९९०च्या कायद्याची आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला ५४,०००वरून १,४०,०००वर गेली, एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसाला ६५,००० जागा ठरल्या आणि एका देशाला कमाल ७ टक्के वाटा मिळाला. उच्च पदवीधरांच्या ईबी-२ गटात साधारण ४०,००० जागा, म्हणजे एका देशाला सुमारे २,८००. इतर देशांच्या उरलेल्या जागा मिळाल्या तर वर. नवरा, बायको, मुलं हीसुद्धा याच आकड्यात मोजली जातात. तेव्हा भारतातून एवढे संगणक अभियंते येतील हे कोणाच्या हिशेबात नव्हतं. पुढे एच-१बीचा दरवाजा मोठा झाला, ग्रीन कार्डचा तेवढाच राहिला. २०००मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तोडगा काढला : ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू असेल तर एच-१बी सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे वाढवता येईल. रांग लहान करण्याऐवजी रांगेत उभं राहण्याची मुदत वाढवली, असंच याचं वर्णन करावं लागेल. २०२५ साली भारताची ईबी-२ची रांग २०१२-१३च्या आसपास अर्ज केलेल्यांवरच अडकलेली होती.

२००७च्या जुलैत तर कहर झाला. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे दर महिन्याला सांगणाऱ्या सरकारी व्हिसा बुलेटिनने जवळपास सगळ्या तारखा करंट केल्या, म्हणजे रांग न पाहता अर्ज करायची मुभा दिली, लोकांनी धावपळ करून कागद जमवले, आणि २ जुलैला ती मुभा मागे घेतली गेली. भारतीयांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना फुलं पाठवून शब्दशः गांधीगिरी केली. १७ जुलैला खिडकी पुन्हा उघडली.

प्रत्यक्ष टप्पे असे. आधी कामगार खातं पदाचा प्रचलित पगार ठरवतं. मग कंपनी जाहिराती देते. त्यात रविवारच्या वर्तमानपत्रातल्या दोन आल्याच. पात्र स्थानिक उमेदवार मिळाला नाही तर पर्म, म्हणजे कामगार खात्याच्या त्या दाखल्याचा अर्ज, दाखल होतो, आणि तीच तारीख तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा. मग आय-१४० हा कंपनीचा अर्ज, आणि तारीख करंट झाली, म्हणजे पाळी आली, की आय-४८५ हा तुमचा ग्रीन कार्डचा अर्ज. सर्वात जास्त घोटाळा नोकरी बदलताना होतो. आय-१४० मंजूर होण्याआधी कंपनी सोडली तर सगळं पहिल्यापासून. मंजुरीनंतर सोडली तर नव्या कंपनीला पर्म पुन्हा करावं लागतं, पण जुनी तारीख सहसा टिकते. एच-१बीवर असताना नोकरी गेली तर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. रांगेत असताना मुलं २१ वर्षांची झाली तर आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकतात. आणि रांग पासपोर्टवरून नव्हे, जन्मदेशावरून ठरते : वडील मस्कतला नोकरीला असताना तिथे जन्मलेला मराठी मुलगा ओमानच्या रांगेत जातो, त्याच्याशी लग्न केलेली पुण्याची मुलगीही त्याचा जन्मदेश वापरू शकते.

कॅनडाचा रस्ता स्वच्छ होता असंही नाही. २००२च्या कायद्याखाली आधी ७५ आणि २००३पासून ६७ गुणांची पासरेषा होती. ती ओलांडणाऱ्या प्रत्येकाच्या अर्जावर निर्णय देणं सरकारला भाग असल्याने ढीग साठला. २०१२मध्ये सरकारने २७ फेब्रुवारी २००८पूर्वीचे, निर्णय न झालेले अर्ज कायदा करून रद्द केले. सुमारे २,८०,००० माणसांना फी परत मिळाली, वाया गेलेली वर्षं नाही. तेव्हापासून कॅनडाने पासरेषेवरचा भरवसाच सोडला. न्यूझीलंडने २००३मध्ये सुरू केलेली पद्धत, म्हणजे आधी इच्छा नोंदवा, मग आम्ही निवडून बोलावू, ऑस्ट्रेलियाने २०१२मध्ये आणि कॅनडाने १ जानेवारी २०१५ला एक्स्प्रेस एंट्री म्हणून उचलली. ६७ गुण आजही लागतात, पण भारतात बसून अर्ज करणाऱ्याला ते नुसतं पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत, शिरण्याचं तिकीट. खरी स्पर्धा १,२०० गुणांच्या क्रमवारीत.

इथला धोका वेगळा : रांग नाही, पण कटऑफ, म्हणजे बोलावणं येण्यासाठी लागणारे किमान गुण, हलता. १३ फेब्रुवारी २०२१ला, कोविडमध्ये सीमा बंद असताना, कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी तो ७५वर आला. तसा पुन्हा येईल ही आशा धरू नये. २०२३पासून आरोग्यसेवा, फ्रेंच भाषा असे गट पाडून ड्रॉ, म्हणजे निवडीच्या फेऱ्या, होतात. नोकरीच्या ऑफरला सुरुवातीला ६०० गुण होते, २०१६मध्ये ते ५० किंवा २०० झाले आणि २५ मार्च २०२५ला शून्य, कारण ऑफर विकण्याचा धंदा फोफावला होता. प्रांताच्या नॉमिनेशनचे, म्हणजे एखाद्या प्रांताने नाव सुचवल्याचे, ६०० मात्र कायम आहेत. तिशी उलटली की दर वर्षी पाच-सहा गुण गळतात, त्यामुळे आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा लांबणीवर टाकणं महागात पडतं. लिसनिंगमध्ये ८ आणि बाकी तिन्हीत ७ मिळाले की सीएलबी, म्हणजे कॅनडाच्या मापातला भाषेचा स्तर, ९ होतो, आणि तिथे गुण एकदम उडी घेतात.

बोलावणं आल्यावर ६० दिवसांत पूर्ण अर्ज भरायचा असतो, आणि आपल्याकडचे अर्ज तिथे अडखळतात. भारतीय कंपन्यांच्या रिलीव्हिंग लेटरमध्ये हुद्दा आणि तारखा असतात. कॅनडाला त्याशिवाय कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार लेटरहेडवर हवा असतो. एचआर देत नसेल तर जुन्या मॅनेजरचं पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि कंपनीने नकार दिल्याचा ईमेल असं सगळं जोडून खुलासा लिहावा लागतो. ही जमवाजमव प्रोफाइल भरण्याआधीच सुरू करावी.