उभ्या दुचाकीचे चोरीपासून संरक्षण

बाजार, कचेरी, दवाखाना, रेल्वे स्थानक किंवा एसटी स्टँडवर उभी करून ठेवलेली मोटारसायकल वा स्कूटर चोरीला जाऊ नये म्हणून घ्यायची काळजी. कुलपे व उपकरणे, गाडी लावण्याच्या जागेची निवड आणि चोरी झालीच तर भरपाई मिळावी यासाठी ठेवायची कागदपत्रे यांचा त्यात समावेश होतो. महाराष्ट्रात हा प्रश्न फक्त गाडीच्या किमतीचा नाही. पहाटे दूध घालणारा, घरपोच माल पोचवणारा, गावातून एमआयडीसीत कामाला जाणारा यांचे रोजचे पोट दुचाकीवर चालते. गाडी गेली की रोजगार बुडतो आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

दुचाकी चोरायला सोपी असते ती मुख्यतः वजनामुळे. स्प्लेंडरसारखी १०० सीसीची गाडी सुमारे ११२ किलोची, तर रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची असते. पहिली गाडी दोन माणसे उचलून टेम्पोत घालू शकतात. दुसरे कारण कमी लक्षात घेतले जाते. गाडीवर बसून अडकलेल्या कुलपाशी झटणारा माणूस हे आपल्याकडचे रोजचे दृश्य आहे, त्यामुळे त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. गर्दीत गाडी सुरक्षित राहते हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. गर्दीपेक्षा गाडीचा मालक कोण हे ओळखणारा एक माणूस जास्त उपयोगी पडतो. आठवडी बाजाराला आलेले शेतकरी मोकळ्या मैदानाऐवजी ओळखीच्या दुकानासमोर गाडी लावतात आणि ‘दादा, जरा गाडीकडं लक्ष ठेवा’ असे सांगून जातात, ते याचसाठी.

कारखान्यातून गाडीबरोबर येणारे संरक्षण म्हणजे हँडल लॉक. हँडल एका बाजूला पूर्ण वळवून किल्ली फिरवली की कुलपातील खिटी खाचेत बसते आणि हँडल सरळ होत नाही. ही खिटी फार मोठ्या जोराला टिकत नाही, आणि सराईत चोर नेमका तोच जोर लावतात. पुढे इग्निशनच्या वायरी जोडून गाडी ‘डायरेक्ट’ केली जाते. किल्लीचे कुलूपही वर्षानुवर्षांच्या वापराने झिजते. जुन्या गाडीला दुसऱ्याच गाडीची किल्ली लागल्याचा अनुभव अनेकांना असतो. अशा गाडीचा लॉक सेट बदलणे हा थोडक्या खर्चात होणारा उपाय आहे, पण गाडी चालतेय तोवर ते काम मागे पडते. अनेक स्कूटरना किल्लीच्या भोकावर चुंबकीय झाकण असते. ते बंद केले की भोकात हत्यार घालणे अवघड होते, म्हणून ते बंद करायची सवय ठेवावी. हँडल लॉक दुबळे असले तरी लावायलाच हवे, कारण न लावलेली गाडी न्यूट्रलमध्ये सरळ ढकलत नेता येते.

कोणतेही कुलूप अखेर तुटते. ते किती वेळ घेते, तुटताना किती आवाज होतो आणि तोवर गाडी जागेवरून हलवता येते का, यावर त्याची किंमत ठरते. या कसोटीवर जाड साखळी सर्वांत पुढे आहे, कारण गाडी जमिनीत रोवलेल्या वस्तूला बांधण्याची सोय तिच्यात आहे. साखळी कडक केलेल्या पोलादाची असावी. बारीक तारेला प्लास्टिक चढवून केलेली केबल हेल्मेट अडकवायला ठीक आहे, गाडीसाठी नाही. साखळी मागच्या चाकातून आणि शक्य असेल तर चेसीतून घेऊन खांबाला वा मजबूत रेलिंगला बांधावी. फक्त पुढच्या चाकातून घातली तर ते चाक खोलून उरलेली गाडी नेता येते. साखळी जमिनीवर लोळू देऊ नये. कडी फरशीवर टेकली की हातोड्याच्या घावाला आधार मिळतो आणि मोठ्या कटरच्या दांड्यावर शरीराचा भार टाकता येतो. खांब नसेल तेव्हा दोघा मित्रांनी आपल्या गाड्या एकमेकींना बांधाव्यात. गडाच्या पायथ्याशी सकाळी गाडी लावून दिवसभर वर जाणाऱ्यांना हा उपाय विशेष सोयीचा आहे.

डिस्क लॉक लहान असते, खिशात मावते आणि ब्रेकच्या चकतीच्या भोकात बसते. १०० ते १२५ सीसीच्या अनेक गाड्यांना दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात, त्यांना ते लागत नाही. ते चाक फिरू देत नाही, मात्र गाडी उचलून नेणाऱ्याला अडवू शकत नाही. धक्का लागताच वाजणारे डिस्क लॉक त्यामुळे अधिक चांगले. याचा खरा धोका मालकालाच असतो. लॉक काढायचे विसरून गाडी पुढे घेतली की चाक अडकते आणि गाडी आडवी होते, चकती वाकते ते वेगळेच. लॉकपासून हँडलपर्यंत रंगीत दोरी ताणून ठेवली तर आठवण राहते.

इमोबिलायझर असलेल्या गाडीत किल्लीतील चिपची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. होंडाने अ‍ॅक्टिव्हाला जानेवारी २०२३ मध्ये स्मार्ट किल्लीसह ही सोय दिली. जुन्या गाडीत हेच काम काही प्रमाणात लपवून बसवलेले बटण करते. ते कोठे आहे हे घरातल्यांनाच ठाऊक असावे. जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, चोरीनंतर माग देतो. तळघरातील पार्किंगमध्ये किंवा बंद टेम्पोत त्याचा संपर्क तुटू शकतो. गाडी कोठे आहे हे मोबाइलवर दिसले तरी स्वतः तिथे जाऊ नये, पोलिसांना घेऊन जावे. गाडी पुन्हा घेता येते.

इतके असूनही सर्वांत साधे कारण म्हणजे गाडीलाच राहिलेली किल्ली. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणत किराणा दुकानात किंवा एटीएममध्ये शिरताना ती तशीच राहते. त्या दोन मिनिटांत चोराला कुलूप तोडावेच लागत नाही, आणि विमा कंपनीला निष्काळजीपणाचा मुद्दा काढायला जागा मिळते. मूळ आरसी डिक्कीत ठेवणे हीदेखील तितकीच मोठी चूक आहे, कारण चोरलेली गाडी विकायला त्या कागदाचीच गरज असते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील कागदपत्रे तपासणीत चालतात, तेव्हा मूळ कागद घरी ठेवावेत.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बंधनकारक आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेसरने कोरलेला कायमचा क्रमांक असतो. ती न उघडणाऱ्या रिव्हेटने बसवतात, त्यामुळे पाटी बदलणे जड जाते. जुनी गाडी घेणाऱ्याने पाटीवर न थांबता चेसी आणि इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहावेत. खाडाखोड दिसली तर व्यवहार करू नये.

‘पे अँड पार्क’मध्ये पावती मिळते, पण ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ असा फलकही असतो. हॉटेलच्या माणसाकडे किल्ली देऊन लावायला दिलेली मोटार चोरीला गेल्याच्या एका प्रकरणात, निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा सूचनेने झटकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. तो निकाल मोटारीचा आणि किल्ली सोपवण्याचा होता. तरी पावती जपून ठेवावी, कारण गाडी त्या जागी त्या वेळी होती याचा तो पुरावा असतो.

गाडी जागेवर दिसली नाही तर आधी वाहतूक पोलिसांनी टोइंग करून नेली आहे का ते पाहावे. नसेल तर ११२ वर कळवून लगेच पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. नुसता ‘गहाळ’ असल्याचा अर्ज देऊन परतू नये, कारण विम्यासाठी एफआयआरच लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीसाठी कलम ३०३ आहे. पूर्वी ते भारतीय दंड विधानाचे ३७९ होते. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी फिर्याद घ्यावी लागते. ती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. विमा कंपनी, आरटीओ आणि कर्ज असल्यास बँकेला लेखी कळवावे. एफआयआर वेळेत झाला असेल तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. वाहन नोंदणीत चालू मोबाइल क्रमांक ठेवणेही उपयोगी पडते, कारण चोरीच्या गाडीचा पहिला माग कधी कधी त्यावर आलेल्या ई-चलनाच्या संदेशातून लागतो.

तृतीय पक्ष विम्यात चोरीची भरपाई नसते, त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. कंपनी गाडीच्या सगळ्या किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली हरवू देऊ नये. तपासात गाडी सापडली नाही तर पोलीस ‘गुन्हा खरा, पण शोध लागला नाही’ अशी ‘अ’ समरी न्यायालयात पाठवतात, आणि दाव्याला तो कागद लागतो. गाडी सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्यात उभी राहते. न्यायालयात अर्ज केल्यावर ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितली तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मिळते. अशी वाहने ठाण्यांच्या आवारात सडत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले आहे. विम्याची पूर्ण रक्कम घेतल्यानंतर गाडी सापडली, तर मात्र तिच्यावरचा हक्क विमा कंपनीकडे गेलेला असतो.