बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला? बायपोलरमधल्या शांत काळाची पार्श्वभूमी

१८५४ साली पॅरिसमध्ये बायार्झे आणि फाल्रे या दोन डॉक्टरांची जुंपली. उन्माद आणि उदासीचे झटके आणणाऱ्या या आजाराचं, म्हणजे आजच्या बायपोलरचं, वर्णन आधी कोणी केलं, असा तो वाद. श्रेय कोणाचं हे आता सोडून देऊ. कामाचा आहे तो दोघांच्या मांडणीतला फरक. बायार्झे यांनी उन्माद आणि उदासी हे एकाच झटक्याचे दोन भाग मानले. फाल्रे यांनी मधला शांत काळही आजाराच्या चक्रातच धरला. रेमिशनमध्ये, म्हणजे लक्षणं ओसरलेल्या काळात, औषध का चालू ठेवायचं, याचं उत्तर फाल्रे यांच्या मांडणीतून निघतं. ते पटायला मात्र शंभरएक वर्षं गेली.

१८९९ मध्ये जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी या आजाराला इतर मानसिक आजारांपासून वेगळं काढलं, तेच मुळी रुग्ण मधल्या काळात सावरतो या खुणेवर. त्यातून आशा मिळाली आणि एक गैरसमजही पसरला: झटका ओसरला की आजार संपला. पुढे अमेरिकेत रुग्णांचा सरासरी तेरा वर्षं पाठपुरावा झाला. २००२ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांनुसार बायपोलर-१ चे, म्हणजे पूर्ण उन्मादाचे झटके येणाऱ्या प्रकाराचे, रुग्ण जवळपास निम्मे आठवडे काही ना काही लक्षणं घेऊन जगत होते. त्यातही उन्मादापेक्षा उदासीचे आठवडे कितीतरी जास्त होते.

मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध आलं १९४९ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांच्या प्रयोगातून. त्यांचा पहिला रुग्ण सुधारला, कामावर गेला, गोळ्यांत हयगय झाली आणि सहा महिन्यांत परत दवाखान्यात आला. पुन्हा लिथियम सुरू झालं आणि १९५० मध्ये त्याच औषधाच्या विषबाधेने तो गेला. औषध सोडणं आणि औषध अंगात साचणं, दोन्ही धोके त्या एकाच माणसाच्या वाट्याला आले. रक्तातली पातळी मोजायची सवय नंतरची.

झटका नसतानाही लिथियम लागतं का, याची कसून परीक्षा डेन्मार्कमध्ये बास्ट्रप आणि शौ यांनी घेतली. निष्कर्ष १९७० मध्ये आले. लिथियमवर स्थिर असलेल्यांपैकी काहींना नकळत निव्वळ नावाची, औषध नसलेली गोळी दिली. पाच महिन्यांत अशा ३९ पैकी २१ जणांचा आजार उलटला. लिथियम चालू असलेल्या ४५ जणांत एकाचाही नाही.

आज सलग दोन महिने ठळक लक्षणं नसतील तर पूर्ण रेमिशन म्हणतात. झोप लागते पण कामात मन नाही, बोलणं कमी, उशिरा उठणं, ही स्थिती अर्धवट रेमिशनची. घरचे तिला आळस म्हणतात, आणि डॉक्टरांपर्यंत ती पोहोचतच नाही.

देखभालीत रक्तातली लिथियमची पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलीमोल प्रति लिटर ठेवतात. रक्त शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी द्यायचं, म्हणून रात्री नऊला गोळी घेणाऱ्याने सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असेल तर रक्त दिल्यावरच. डोस बदलला की पाच-सात दिवसांनी पुन्हा तपासणी. एरवी थायरॉइड, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी.

सोलापुरात खरी गडबड एप्रिल-मेमध्ये होते. पारा चाळिशीपार, घाम भरपूर, पाणी कमी. शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. निर्जळी उपवास, रोजा, जुलाब, यांतही हेच होतं. बीपीसाठी मीठ एकदम तोडणं आणि लघवीच्या गोळ्या यांचाही परिणाम तोच. अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनही त्यातलीच. साध्या दुखण्याला पॅरासिटॅमॉल बरी. हात जोरात थरथरणं, उलट्या, झोक जाणं, जीभ जड होणं, असं दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गडबडीची दुसरी जागा झोपेची. यंत्रमागावरची पाळी दर आठवड्याला बदलली की झोप मोडते, आणि उन्मादाची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. कमी झोपूनही माणूस सलग दोन-तीन दिवस ताजातवाना वाटला, तर तपासणीची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नये. कायम दिवसपाळी मागणं हा उपचाराचाच भाग समजावा.

लिथियम थांबवायचंच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, किमान चार आठवडे आणि शक्यतो तीन महिने घेऊन कमी करतात. एकदम तोडलं की उन्माद उसळतो. बायपोलरमध्येच दिल्या जाणाऱ्या लॅमोट्रिजिन या दुसऱ्या गोळीचं वेगळंच: ती पाच-सहा दिवस चुकली, तर पूर्ण डोस पुन्हा सुरू करायचा नाही, अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं. डॉक्टर पुन्हा खालच्या डोसपासून चढवतात.

गंभीर झटका आला की येरवड्याच्या मनोरुग्णालयात न्यायचं, म्हणजे अडीचशे किलोमीटर, ही इथली जुनी रीत. आता सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आणखी एक सोय दिली. पुढे झटका आला तर कोणता उपचार हवा, कोणता नको, आणि आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यायचा, हे रुग्णाला आधीच लेखी देता येतं. डोकं शांत असतानाच हा कागद करून घ्यावा. झटक्यात ते जमत नाही.