ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल आणि ब्लॅकगेझ: पहिल्यांदा ऐकताना

गिटारची न थांबणारी सरसर, ड्रमचा मारा आणि त्यात बुडालेली किंचाळी. गाणी दहा-दहा, बारा-बारा मिनिटांची. नव्या कानाला ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल आणि ब्लॅकगेझ, हेवी मेटलच्या या दोन शाखा, एकच वाटतात. पण एकाची अपेक्षा धरून दुसरं ऐकायला बसलं की हिरमोड होतो. माझा झाला होता. डेफहेवन या ब्लॅकगेझ बँडच्या 'सनबेदर' अल्बमने भारावून गेलो होतो, तशाच ओढीने वुल्व्हज इन द थ्रोन रूम या ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल बँडचा 'टू हंटर्स' लावला आणि आता उसळेल, मग उसळेल अशी वाट बघत बसलो. ती वाट बघणंच चुकीचं होतं, हे कळायला बरेच दिवस गेले.

'टू हंटर्स' 2007चा. बँड अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियाचा, वीव्हर बंधूंचा. अल्बममध्ये चारच ट्रॅक आणि शेवटचा तब्बल अठरा मिनिटांचा. सुरुवातीचा तुकडा संथ आणि गाण्याविना जातो, मग दुसऱ्या ट्रॅकला, 'व्हास्टनेस अँड सॉरो'ला, खरा मारा सुरू होतो. इथेच बहुतेकजण हेडफोन काढून ठेवतात, कारण कान ड्रमच्या मागे धावतो. ब्लास्ट बीट म्हणजे स्नेअर, किक आणि झांजांचा इतका जलद मारा की थोड्या वेळाने ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत. गिटारवर एकच सूर भरभर छेडत राहतात, ते ट्रेमोलो पिकिंग. हात वेगात चालतो, पण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, मात्र बऱ्याच वेळाने बदलते. आपल्या भाषेत सांगायचं तर ड्रम द्रुत आणि सूर विलंबित. ड्रमला पावसासारखं मागे पडू द्या आणि फक्त कॉर्ड कधी बदलते तेवढं धरून बसा. पाचेक मिनिटांत गोंगाटाखालची संथ चाल वर येते. ती एकदा सापडली की गाणं लांब वाटत नाही.

ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटलची मुळं नॉर्वेत आहेत. बुर्झुम या एकाच माणसाच्या बँडचा 1993मध्ये रेकॉर्ड झालेला आणि 1996मध्ये आलेला 'फिलोसोफेम' अनेकजण पहिला धडा म्हणून सुचवतात. तो करणाऱ्याला खून आणि चर्चच्या जाळपोळीसाठी 1994मध्ये शिक्षा झाली होती. संगीताचा इतिहास म्हणून त्या अल्बमचं वजन मोठं आहे, तरी नव्या माणसाला मी तिथून सुरुवात करायला सांगत नाही.

ब्लॅकगेझमध्ये ब्लॅक मेटलला शूगेझ येऊन मिळालं. शूगेझ म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ब्रिटन-आयर्लंडकडे रुजलेलं, गिटारच्या गुंजनात न्हालेलं रॉक. वाजवणारे मान खाली घालून पायाजवळच्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडल्सकडे बघत, म्हणून ते नाव. फ्रान्समध्ये नेज या संगीतकाराने अल्सेस्ट या बँडमधून या दोन्हींची गाठ घातली. त्याच नेजचा आवाज 'सनबेदर'वरही एका ट्रॅकमध्ये आहे.

'सनबेदर' 2013चा, बँड सॅन फ्रान्सिस्कोचा. मुखपृष्ठ गुलाबी. पहिला ट्रॅक, 'ड्रीम हाउस', नऊ मिनिटांचा. ब्लास्ट बीट तोच, ट्रेमोलोही तोच, पण कॉर्ड्स उजळ. अर्ध्याच्या पुढे सगळं थांबतं, स्वच्छ गिटार एकटी उरते आणि तिथून गाणं पुन्हा चढत जातं. पुढचा ट्रॅक तर निव्वळ गिटार-पियानोचा, तीनेक मिनिटांचा. चढायचं, ओसरायचं, पुन्हा चढायचं. इथे वाट बघायला हरकत नाही, कारण गाणं तसंच रचलंय.

किंचाळी दोन्हीकडे मागेच ठेवलेली असते. 'टू हंटर्स'मध्ये ती जंगलातल्या वाऱ्यासारखी येते, कोण ओरडतंय हा प्रश्नच पडत नाही. 'सनबेदर'मध्ये तो एका माणसाचाच आवाज आहे. श्रीमंत वस्तीतून जाताना ऊन खात पडलेली एक मुलगी दिसली आणि त्यातून अल्बमचं नाव आलं, असं गायक जॉर्ज क्लार्कने सांगितलंय. हेवा, हाव, स्वतःचा राग हे सगळं त्या आवाजात आहे. मला दोन्हींतला खरा फरक इथे वाटतो. एकात माणूस निसर्गात विरून जातो आणि दुसऱ्यात तो स्वतःपासून सुटायला धडपडतो.

आधी कुठला ऐकायचा? कान रॉक आणि सिनेमाच्या गाण्यांवर पोसलेला असेल तर 'सनबेदर'. तासन्‌तास बैठकीत गाणं ऐकायची सवय असेल तर थेट 'टू हंटर्स'. फोनच्या स्पीकरवर मात्र दोन्ही नकोत. त्यावर खालचे सूर गळून पडतात आणि हाती नुसती खरखर येते. बरे हेडफोन घ्या आणि आवाज मध्यम ठेवा. 'टू हंटर्स' जड जातोय असं वाटलं तर तिसरा ट्रॅक, 'क्लिन्झिंग', आधी लावा. सुरुवातीला जेसिका केनीचा संथ, मोकळा आवाज आहे. मग गिटार आणि ड्रम कोसळतात. तेव्हा तिने लावलेली ती संथ लय मनात तशीच धरून ठेवा.