पुस्तक बोलून लिहिताय? आमच्याकडे येण्याआधी एवढं वाचा

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे अक्षरजुळणी, मुद्रितशोधन (छापण्याआधी मजकुरातल्या चुका तपासणं) आणि पुस्तकाची मांडणी ही कामं होतात. पूर्वी लेखक वह्या आणायचे, नाहीतर फुलस्केप कागदांचे गठ्ठे. समासात बाण काढून अर्धा मजकूर मागच्या पानावर नेलेला असायचा. आता निम्मे लेखक मोबाइलवर बोलून केलेला मजकूर पाठवतात. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, मुलांकडे परदेशी जाऊन राहिलेले आजी-आजोबा. कुणाची बोटं दुखतात, कुणी टायपिंग कधी शिकलेलंच नसतं. सरकारी टंकलेखनाच्या परीक्षेत मराठीसाठी मिनिटाला 30 शब्दांचा वेग धरतात आणि तोही सरावाने येतो. सावकाश बोलणारा माणूससुद्धा त्याच्या पुढे जातो. तेव्हा बोलून लिहायला आमची ना नाही. फक्त असा मजकूर हाती लिहिलेल्या मजकुरापेक्षा वेगळा असतो. तो तपासताना आमचे कुठे हात बांधले जातात, ते आधीच सांगितलेलं बरं.

चूक दिसतच नाही, ही खरी अडचण

टायपिस्टची चूक चुकीसारखी दिसते. काना निसटतो, वेलांटी दोनदा पडते, अक्षरं मागेपुढे होतात. वाचणाऱ्याची नजर तिथे अडखळते आणि चूक सापडते. बोलणं ऐकून लिहिणारा प्रोग्राम बहुधा अशी चूक करत नाही. त्याला जे शब्द ठाऊक आहेत त्यांतलाच एक तो लिहितो. त्यामुळे त्याची चूक म्हणजे शुद्ध लिहिलेला, पण तुम्ही न बोललेला शब्द.

आमच्याकडे आलेल्या एका आत्मचरित्रातली ही वाक्यं पाहा. पाठवलेल्या मजकुरात होतं, ‘विहिरीवर दिवसभर मोटर चालायची.’ लेखक बोलले होते ‘मोट’. ‘आजी माझ्या घरात निजायची’ असं आलं होतं, बोललं गेलं होतं ‘माजघरात’. ‘ज्वारी बदलत ठेवायचो’ या वाक्यावर मात्र आमच्या मुद्रितशोधक बाई थांबल्या, कारण ज्वारी कशाला बदलत ठेवतील? ते ‘बळदात’, म्हणजे धान्य साठवण्याच्या जागेत, होतं. तीनपैकी एकच चूक वाचून पकडता आली. पहिली दोन वाक्यं इतकी सरळ आहेत की कितीही मुरलेला मुद्रितशोधक ती सोडून देईल. आणि मग बैलांच्या जागी विजेची मोटर बसवलेलं पुस्तक छापून तुमच्या गावात जाईल, जिथे अजून मोट हाकलेली माणसं हयात आहेत.

असं का होतं? प्रोग्राम एकेक अक्षर ऐकून लिहीत नाही. आवाजाशी जुळणारे शब्द कोणते आणि मागच्या-पुढच्या शब्दांशेजारी त्यांतला कोणता जास्त वेळा येतो, असा अंदाज तो बांधतो. तो शिकला आहे आजच्या मराठीवर. त्यात मोटर पावलोपावली आहे, मोट क्वचित. म्हणून आडनावं, वाड्या-वस्त्यांची नावं, शेतीची अवजारं, जुनी नाती, जातीजमातींच्या रीती अशा जागी तो सर्वांत जास्त घसरतो. आठवणींच्या पुस्तकाचा जीव नेमका तिथेच असतो. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी संवाद बोललात तर तो ते ओढूनताणून प्रमाण मराठीत नाहीतर हिंदीत बसवतो. बोलीतले संवाद हाताने लिहून काढा, त्यावर दुसरा उपाय आम्हाला सापडलेला नाही.

म्हणून रेकॉर्डिंग ठेवा

या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. बोलून लिहिताना शेजारी दुसरा फोन ठेवा आणि त्यावर साधं रेकॉर्डिंग चालू करा. दुसरा फोन अशासाठी की एकाच फोनवर लिहिणं आणि रेकॉर्डिंग दोन्ही चालू केलं तर बऱ्याचदा दोहोंपैकी एकालाच माइक मिळतो आणि तासाभराने कळतं की फाइल आहे, आवाज नाही. घरात जुना फोन पडलेला असतोच. सिम नसलं तरी चालतं.

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला तारीख आणि प्रकरणाचं नाव मोठ्याने सांगा. रेकॉर्डिंग सोबत असेल तर शंकेच्या जागी आम्ही ऐकून खात्री करतो. नसेल तर शंकेच्या जागा पिवळ्या करून तुमच्याकडे परत पाठवतो. दोन महिन्यांनी ‘इथे मी नक्की काय म्हटलं होतं?’ हे तुम्हालाही आठवत नाही, असा अनुभव आहे. शिवाय वर दाखवलं तसं, सगळ्या चुका शंका घेण्यासारख्या नसतातच.

कोणतं साधन वापरावं

फार खोलात शिरत नाही. गूगलने ऑगस्ट 2017 मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांमध्ये बोलून लिहिण्याची सोय दिली, आमचे बहुतेक ग्राहक तीच वापरतात. फोनवर जीबोर्ड हा कळफलक घ्या, त्याच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा आणि माइकचं चित्र दाबून बोला. भाषा मराठीच निवडलेली आहे ना, हे रोज बघा. चुकून हिंदीवर राहिली तर सगळ्या मजकुराला हिंदी वळण लागतं. कॉम्प्युटरवर बसत असाल तर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, ‘टूल्स’ मध्ये ‘व्हॉइस टायपिंग’ निवडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस एकत्र दाबूनही ते सुरू होतं. मध्येच स्क्रीनवरच्या दुसऱ्या विंडोत गेलात किंवा बराच वेळ गप्प बसलात तर माइक बंद पडतो. तो लाल आहे ना, यावर नजर असू द्या. खिडकीबाहेर बघत बोलण्याची सवय असलेल्यांची पानंच्या पानं अशी वाऱ्यावर गेलेली आहेत.

आधी रेकॉर्डिंग करून मग त्याचा मजकूर करून घ्यायचा असेल तर तेही होतं. ओपनएआय या कंपनीने 2022 मध्ये खुला केलेला व्हिस्पर हा प्रोग्राम आवाजाची फाइल घेतो, त्याला मराठी येते आणि तो आपल्याच कॉम्प्युटरवर चालतो. आम्ही तो वापरतो, पण जपून. रेकॉर्डिंगमध्ये लांब शांतता असली की तो कधी कधी कुणीच न बोललेलं वाक्य घालून मोकळा होतो. म्हणून त्याचं काम आम्ही ऐकत ऐकतच तपासतो.

खाजगी गोष्टींबद्दल एक सूचना. इंटरनेटवरून चालणाऱ्या सोयीत तुमचा आवाज त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. घरातली भांडणं, कोर्टातले दावे, दुसऱ्या कुणाची आजारपणं असा मजकूर असेल तर तेवढं प्रकरण फक्त रेकॉर्ड करून आणा, नाहीतर हाताने लिहा.

बोलायचं कसं

एकेक शब्द तोडून बोलू नका. ही सवय जुन्या काळची आहे. 1990 च्या सुमाराचे इंग्रजी प्रोग्राम प्रत्येक शब्दानंतर थांबायला लावत. सलग बोलणं समजणारं ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग 1997 मध्ये आलं. आजचे प्रोग्राम शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधतात, त्यामुळे तुटक बोललात तर उलट जास्त चुकतात. पाच-सात शब्दांचा तुकडा एका दमात, नेहमीच्या वेगात बोला. भाषणाचा आवाज काढायची गरज नाही.

फोन तोंडापासून वीतभर लांब धरा किंवा वायरचा साधा कॉलर माइक वापरा. पंखा बंद करता येत नसेल तर निदान त्याच्या झोताबाहेर बसा. कुकरच्या शिट्टीने फारसं बिघडत नाही, शेजारच्या खोलीतल्या टीव्हीने बिघडतं, कारण टीव्हीतली माणसंही मराठीच बोलत असतात.

चूक दिसली की लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. बोलण्याची लय एकदा तुटली की परत धरायला वेळ लागतो, आणि बोटांनी खुडबुड करताना भलतंच वाक्य पुसलं जातं. त्याऐवजी बोलणं संपल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, पानं वाचा आणि चुकीच्या शब्दापुढे दोन प्रश्नचिन्हं टाका. एवढं पुरे.

नावांची यादी मात्र हाताने करा. माणसं, गावं, देवस्थानं, अवजारं, पदार्थ. एका कागदावर, स्वच्छ अक्षरात. ‘मोट’ त्या यादीत असती तर ‘मोटर’ आम्ही शोधून काढली असती.

विरामचिन्हांची गोष्ट

मराठीत बोलताना विरामचिन्हं आपोआप जागच्या जागी पडतील अशी आशा धरू नका. गूगल डॉक्समध्ये चिन्हाचं नाव उच्चारून चिन्ह मिळण्याची सोय इंग्रजीसारख्या मोजक्या भाषांना आहे, मराठीला नाही. ‘पूर्णविराम’ म्हटलं की ‘पूर्णविराम’ हा शब्दच उमटतो.

त्याचा उपयोग करून घेता येतो. तुम्ही शब्द बोलत जा, आम्ही ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळ्यांची एकदम चिन्हं करून देतो. पण एका लेखकांनी ‘माझ्या नोकरीला पूर्णविराम मिळाला’ असं वाक्य बोललं होतं, ते बदलून ‘माझ्या नोकरीला. मिळाला’ असं झालं. तेव्हापासून आम्ही सुचवतो की खूण म्हणून असा शब्द घ्या जो तुमच्या पुस्तकात येणं शक्यच नाही. सहकारी पतपेढीचा इतिहास लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी वाक्य संपलं की ‘जिराफ’ आणि परिच्छेद संपला की ‘शहामृग’ म्हणायचं ठरवलं. घरचे हसले, मजकूर मात्र इतका नीट आला की आमचं काम निम्म्यावर आलं. खुणेचे शब्द कोणते घेतले ते फाइलच्या पहिल्या ओळीत लिहा. संवादांना अवतरणचिन्हं आम्ही देऊ, पण कोण बोलतंय हे बोलताना सांगितलेलं असावं.

शुद्धलेखन आमच्यावर सोडा, एक निर्णय तुम्ही घ्या

ऱ्हस्व-दीर्घ आम्ही पाहतो. शासनमान्य नियम 1962 चे चौदा आणि 1972 चे चार असे अठरा आहेत, त्यानुसार. सारखे ऐकू येणारे शब्दही नजरेखालून घालतो: ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुर’ आणि ‘सूर’. उच्चारात थोडाच फरक असलेल्या जोड्याही बघतो. ‘आचार्यांना बोलावलं’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावलं’ यांत पंगतीचा सगळा बेत बदलतो.

पण ‘केले’ की ‘केलं’, ‘सांगितले’ की ‘सांगितलं’, हे तुम्ही ठरवा. बोलून लिहिताना साहजिकच ‘केलं’ येतं, प्रोग्राम कधी त्याचा अनुस्वार खाऊन ‘केल’ लिहितो, आणि वर्तमानपत्री वळणाचं वाक्य बोललात की मध्येच ‘करण्यात आले’ येतं. एका पानावर तिन्ही. आठवणी, प्रवास, व्यक्तिचित्रं यांना ‘केलं’ शोभतं असं आमचं मत आहे. संस्थेचा इतिहास किंवा अभ्यासाचं पुस्तक असेल तर ‘केले’. काहीही सांगा, आम्ही सगळीकडे एकसारखं करू.

साल-आकडे हा वेगळाच गोंधळ. ‘एकोणीसशे बहात्तरचा दुष्काळ’ कधी 1972 असा आकड्यात येतो, कधी अक्षरात, कधी ‘19’ आणि ‘72’ असा दोन तुकड्यांत. सगळ्या तारखा आणि रकमा तुम्ही स्वतः एकदा कागदपत्रांशी ताडून बघा. ‘चाळीस’ आणि ‘चव्वेचाळीस’ यांतलं खरं कोणतं, हे आम्हाला कळायला मार्ग नाही.

आणि बोललेला मजकूर पसरट होतो. ‘आणि मग’, ‘म्हणजे काय झालं की’, एकच प्रसंग दोन प्रकरणांत. ऐकताना हे गोड लागतं, छापल्यावर कंटाळा येतो. काटछाट हे संपादनाचं काम आहे, मुद्रितशोधनाचं नाही. त्याचा खर्च वेगळा लागतो आणि तुमच्या संमतीशिवाय आम्ही एकही वाक्य उडवत नाही.

पाठवताना

वर्डची फाइल किंवा गूगल डॉक्सची लिंक पाठवा. पीडीएफ नको. त्यातून मराठी मजकूर परत काढताना जोडाक्षरं आणि वेलांट्या मोडतात. बोलून केलेला मजकूर युनिकोडमध्येच (कुठल्याही फोनवर किंवा कॉम्प्युटरवर वाचता येतो त्या प्रकारात) असतो, तो तसाच हवा. ‘छापखान्यात लागेल’ म्हणून कुणाकडून तरी श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात (फॉन्टमध्ये) बदलून आणू नका. टंक बदलणं आमच्याकडे चुटकीसरशी होतं, उलटा प्रवास मात्र चुकांचा असतो.

व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्याने पाठवू नका. प्रत्येक तुकड्याला तारीख, वेळ आणि नाव चिकटून येतं, क्रम लागत नाही, आणि मध्येच कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण पुस्तकात शिरतं. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करा, नावापुढे 01, 02 असे आकडे घाला आणि रेकॉर्डिंगच्या फाइलींना तेच आकडे द्या.

दर पानावर असतो. आमच्या हिशेबात एक पान म्हणजे 250 शब्द. रेकॉर्डिंगसह आलेल्या मजकुराचा दर सुरुवातीला थोडा जास्त दिसतो, कारण ऐकायला वेळ जातो. रेकॉर्डिंग नसलेल्या मजकुराच्या तपासणीच्या फेऱ्या वाढतात आणि तिसऱ्या फेरीपासून आम्ही वेगळे पैसे घेतो. शेवटी स्वस्त कोणतं पडतं ते तुमच्या लक्षात येईलच.

अख्खं पुस्तक बोलून होईपर्यंत थांबू नका. पहिली दहा पानं झाली की ती, त्यांचं रेकॉर्डिंग आणि नावांची यादी घेऊन या. ही दहा पानं आम्ही विनामूल्य तपासतो आणि तुमच्या आवाजात, तुमच्या शब्दांत प्रोग्राम कुठे कुठे फसतो याची एक छोटी यादी करून देतो. येण्याआधी फोन करा. मुद्रितशोधक बाई दुपारी तीननंतरच भेटतात.