मार्क नेमके कुठे गेले ते आधी बघूया

आमच्याकडे भाषेच्या परीक्षेची तयारी करायला येणारे बरेच जण पहिल्याच दिवशी सांगतात की बोलायला जमतं पण पेपरात मार्क पडत नाहीत, आणि मग स्वतःच ठरवून टाकतात की आपली भाषाच कच्ची आहे. आम्हाला हे पटत नाही. आधी जुना पेपर घेऊन या, सोबत बसून बघू.

एक वाक्य घ्या. "पाऊस थांबला, ___ आम्ही निघालो नाही." एखादा उताऱ्याचा एकूण अर्थ झरझर पकडतो, पाऊस थांबला म्हणजे निघालेच असणार असं धरून "म्हणून" लिहून मोकळा होतो, आणि शेवटचा "नाही" नजरेतून सुटतो. दुसऱ्याची नजर आधी त्या "नाही"वरच जाते, तो "तरी" लिहितो. भाषा दोघांना सारखीच येत असेल, पण बघायची पद्धत वेगळी. (तिसऱ्याने "पण" लिहिलं तर तेही बरोबरच, पण काही ठिकाणी मूळ उताऱ्यातलाच शब्द लागतो, तिथे त्याचा मार्क उगाच जातो.)

या फरकावर हर्मन विटकिन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूप काम केलं. 1971 मधली त्यांची गटाने द्यायची चाचणी अशी, की गुंतागुंतीच्या चित्रात लपलेला साधा आकार शोधायचा, मार्क धरायची चित्रं 18. पुढे 1983 मध्ये स्पॅनिश शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलांवरचा अभ्यास छापून आला, त्यात असे आकार पटकन शोधणाऱ्यांना गाळलेल्या जागांच्या टेस्टमध्ये थोडा फायदा होताना दिसला. म्हणजे प्रश्नाचा प्रकारच कुणाला सोपा तर कुणाला अवघड जाऊ शकतो.

पण म्हणून क्विझ घेऊन "तुमची शिकण्याची स्टाईल अमुक" असा शिक्का आम्ही मारत नाही. आकार शोधण्यात बरोबर-चूक असतं, त्यामुळे ती चाचणी स्टाईलपेक्षा क्षमताच मोजते असा आक्षेप अभ्यासकांनीच घेतलाय, आणि स्टाईल बघून शिकवलं की जास्त येतं याला पुरेसा पुरावा नाही असं 2008 च्या एका मोठ्या आढाव्यात म्हटलंय. सवय मात्र बदलता येते, हे आम्ही रोज बघतो.

वेगाचंही तसंच. जेरोम कॅगन या मानसशास्त्रज्ञाने घाईने उत्तर देणारे आणि थांबून विचार करणारे असा फरक मांडला होता. पहिल्यांना आम्ही वाक्य शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पेन उचलू देत नाही, आणि दुसऱ्यांचे बरेचदा शेवटचे प्रश्नच राहिलेले असतात, त्यांच्याकडून घड्याळ लावून, अडलेला प्रश्न सोडून पुढे जायची प्रॅक्टिस करून घेतो.

तर येताना तपासलेला पेपर आणा, आणि खोडलेली उत्तरं व्हाइटनरने झाकू नका प्लीज, पहिलं उत्तर बरोबर असून बदललं का ते आम्हाला तिथेच दिसतं.