बोरूतला तापस आणि बोरू कापणारे हात

वसंतात इंग्लंडच्या पूर्वेकडच्या दलदलींत पहाटे एक खोल, घुमता आवाज येतो. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा. हवा शांत असली तर पाच किलोमीटरवरही ऐकू जातो. आवाज काढणारा मात्र दिसत नाही. हा बिटर्न. बगळ्यांच्या कुळातला पक्षी, आपल्याकडच्या तापसांचा भाऊबंद. चाहूल लागताच तो चोच आभाळाकडे करून उभा राहतो आणि अंगावरच्या काळ्या रेघा वाळक्या बोरूत मिसळून जातात. बोरू वाऱ्याने डोलला तर तोही डोलतो. त्याला तापस का म्हणतात, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

एके काळी तिथल्या मेजवान्यांत बिटर्न भाजून वाढत. तरी त्याचा खरा घात केला तो पाण्याच्या निचऱ्याने. सतराव्या शतकात डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्मुइडेन याच्या देखरेखीखाली पूर्वेकडच्या फेन या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशात कालवे खणले गेले. पुढे पवनचक्क्या आल्या, मग वाफेचे पंप. १८५१ मध्ये व्हिटल्सी मिअर हे मोठं तळंही उपसलं गेलं. उरलेसुरले पक्षी बंदुकीने टिपले, पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवले, अंडी संग्राहकांनी नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये एकही घरटं उरलं नाही.

१९११ मध्ये नॉरफोकमधल्या सटन ब्रॉड इथे पुन्हा पिल्लू सापडलं. छायाचित्रकार एमा टर्नर यांनी त्याचा फोटो काढला. पक्षी परतला तो अशा भागात, जिथे घरं शाकारायला माणसं दर हिवाळ्यात बोरू कापत होती. माझ्या मते या सगळ्या कहाणीची किल्ली इथेच आहे. बोरू कापला नाही तर पानं कुजतात, गाळाचा थर चढतो, पाणी आटतं, झुडपं माजतात. बिटर्नला हवा पाण्यात उभा असलेला बोरू. त्याच्या कडेने हिंडत तो वाम आणि लहान मासे टिपतो. नर नुसता घुमत राहतो. घरटं, उबवण, पिल्लांचं पोट, सगळा भार एकट्या मादीवर. मासे जवळ नसले की पिल्लं उपाशी मरतात.

१९५०च्या दशकात घुमणारे नर सुमारे ८० होते. मग शाकारणीचा व्यवसाय आटला, बोरूची बेटं कोरडी पडत गेली. ती बेटं राखीव होती, बंदुका थांबल्या होत्या, तरी संख्या घटतच गेली. १९९७ मध्ये अवघे ११ नर उरले.

त्याच सुमाराला काही नरांना रेडिओ-टॅग लावून ते नेमके कुठे चरतात हे पाहिलं गेलं. प्रत्येक नराचा घुमार वेगळा ओळखू येतो, म्हणून न दिसणाऱ्या पक्ष्याची मोजदादही आवाजावरून जमली. सफोकमधल्या मिन्समिअर या राखीव दलदलीत साचलेला गाळ उकरून तळ खाली नेला, पाण्याची पातळी वाढवली. मिन्समिअर समुद्राला लागून आहे, खारं पाणी कधीही आत घुसेल. म्हणून आतल्या भागातही जागा तयार केल्या. लेकनहीथला जिथे गाजरं पिकत होती तिथे बोरू लावला. सॉमरसेटमध्ये पीट, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणून झालेल्या खड्ड्यांत हॅम वॉल हे राखीव पाणथळ उभं राहिलं.

२०२४ च्या मोजणीत २८३ नर घुमताना ऐकू आले. हिवाळ्यात आजही तिथे बोरू टप्प्याटप्प्याने कापला जातो, आता छपरांपेक्षा बिटर्नसाठी जास्त.