स्प्लिट-चार्ज रिले आणि डीसी-टू-डीसी चार्जर: 140 कशाचे आणि 30 कशाचे?

कॅम्परव्हॅन, म्हणजे राहण्याझोपण्याची सोय असलेली गाडी, वापरणाऱ्यांना स्प्लिट-चार्ज रिले या स्विचचे काम नव्याने सांगायला नको. इंजिन सुरू झाले की तो पुढची (इंजिन चालू करणारी) आणि मागची (राहण्याच्या भागातील दिवे-उपकरणांची) बॅटरी एकमेकींना जोडतो आणि इंजिन बंद झाले की तोडतो. डीसी-टू-डीसी चार्जरही अल्टरनेटरचीच, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राचीच, वीज मागे नेतो आणि गाडी उभी असताना पुढच्या बॅटरीला धक्का लावत नाही, म्हणून तो केवळ महागडा रिले आहे, असा समज रूढ झाला आहे. आकार आणि जोडणी यांतील फरक किरकोळ असून ते पत्रकात वाचून समजतात.

खरा घोटाळा अँपिअरच्या आकड्यावरून होतो. रिलेवर 140 छापलेले असते आणि चार्जरवर 30, त्यामुळे रिले जवळजवळ पाचपट वेगाने बॅटरी भरतो, असा हिशेब मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. तो ऐकून आता कंटाळा आला आहे. रिलेवरचा आकडा म्हणजे त्याची सहनशक्ती. तेवढा प्रवाह गेला तरी त्याचे संपर्कबिंदू जळणार नाहीत, इतकेच तो सांगतो. प्रत्यक्ष प्रवाह किती जाईल, हे रिले ठरवतच नाही. ते अल्टरनेटर आणि मागची बॅटरी यांच्या व्होल्टेजमधील फरकावर आणि वाटेतल्या वायरीच्या रोधावर ठरते. अर्धी रिकामी लेड-ॲसिड बॅटरी सुरुवातीला भरपूर प्रवाह ओढते. परंतु ती भरू लागली की तिचे व्होल्टेज चढते, फरक आकसतो आणि प्रवाह ओसरतो. त्यातच हल्लीचे अनेक स्मार्ट अल्टरनेटर पुढची बॅटरी भरल्यावर इंधन वाचवण्यासाठी आपले व्होल्टेज 12.5 च्या आसपास उतरवतात, आणि मग 140 अँपिअरच्या त्या दणकट रिलेतून मागे जवळजवळ काहीच जात नाही.

चार्जरवरचे 30 ही मात्र त्याची देण्याची कमाल मर्यादा आहे. आत 12.5 व्होल्ट आले तरी तो ते 14.4 पर्यंत चढवतो, बॅटरी बरीच भरेपर्यंत 30 अँपिअर देत राहतो आणि नंतर व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी होऊ देतो. लेड-ॲसिड बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला हे व्होल्टेज काही तास टिकावे लागते, आणि रिलेच्या भरवशावर तेच होत नाही.

मागची बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेट या प्रकारची असेल, तर अडचण उलट आहे. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की रिलेतून ती अल्टरनेटरला झेपणार नाही एवढा प्रवाह ओढू शकते, आणि इंजिन मंद गतीवर असताना अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरत असल्याने तो तापतो. शिवाय व्होल्टेज पाहून उघडझाप करणारा रिले बहुधा व्होल्टेज 12.8 च्या आसपास उतरल्यावरच जोडणी तोडतो, तर ही बॅटरी बराच चार्ज उतरेपर्यंत 13 च्या वरच राहते. परिणामी इंजिन बंद झाल्यावरही दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच राहतात. लिथियम किंवा स्मार्ट अल्टरनेटर यांपैकी एक जरी असेल, तरी माझ्या मते रिलेचा विचारच करू नये. जुनी गाडी, लेड-ॲसिड बॅटरी आणि रोजचा लांब प्रवास असेल, तर रिले पुरेसा आहे आणि तिथे चार्जरचा आग्रह मी धरणार नाही.

मुक्कामी गाडी उभी ठेवून केवळ बॅटरीसाठी इंजिन घरघरवत बसणे मला मुळीच पटत नाही. तासाभरात 30 अँपिअर-अवर मिळवण्यासाठी एवढे इंधन जाळण्यापेक्षा छतावर सौर पॅनेल बरे.

चार्जर बसवताना 30 हा आकडा आणखी एकदा फसवतो, कारण तो बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा असतो. 14.4 व्होल्टला 30 अँपिअर म्हणजे 432 वॅट, आत 12.5 व्होल्ट येत असतील आणि कार्यक्षमता 90 टक्के धरली, तर चार्जर पुढून सुमारे 38 अँपिअर ओढतो. पुढच्या बाजूची वायर आणि फ्यूज या आकड्यावरून निवडावेत.